उजवा हात

"मागे घ्या, मागे घ्या," धक्क्यावरचा रखवालदार दोन्ही हात हलवून ओरडत होता. "इथे पाणी खांबावर ओढतं. वळसा घाला आणि प्रवाहाच्या उलट्या बाजूनं या."

मुलानं लाँचचं चाक फिरवायला घेतलं. तेवढ्यात लोखंडी आकडीची काठी त्याच्या कोपरावर बसली. हात खांद्यापर्यंत बधिर झाला.

"सरळ घे," बाबा म्हणाले. "चाळीस वर्षं लाँच लावतोय मी. हा दीडदमडीचा माणूस मला शिकवणार?"

चाळीस वर्षं खरी होती. फक्त ती सगळी तळ्यात गेली होती, जिथलं पाणी परातीतल्या पाण्याइतकं गरीब. तिथे बाबांची एक ऐट होती. दोर नाही, टायर नाही. लाँच धक्क्याशी आली की पुढच्या टोकाला गुडघे टेकून बसायचं आणि उजव्या हाताच्या पंजानं तिला थांबवायचं. लोक बघत राहायचे. इथे ओहोटी लागली होती. नदीचं पाणी धक्क्याखालून सुसाट चाललं होतं आणि लाँचला मानगूट धरून खांबाकडे नेत होतं.

"बाबा, इथे नको. ऐका जरा."

काठी पुन्हा बसली, या वेळी पाठीत. मग बाबांनी वेगाचा दांडा स्वतःच पुढे ढकलला, काठी फेकली, पुढे जाऊन गुडघे टेकले आणि पंजा पसरला.

खांब काँक्रीटचा, दोन माणसांच्या कवेत न मावणारा, वर शिंपल्यांचा धारदार थर. लाँच तीन टनांची. मधे बाबांचा हात.

"हात काढा," मुलगा ओरडला. "बाबा, हात काढा."

बाबांनी वळूनही पाहिलं नाही.

त्या हाताशी मुलाची जुनी ओळख होती. स्वतःचे केस पिकायला लागले तरी ती सुटली नव्हती. गेल्याच आठवड्यात जेवणाच्या टेबलावर, बायकोसमोर, मीठ लवकर पुढे केलं नाही म्हणून ती ताजी झाली होती. क्षणभर त्याला वाटलं, होऊ दे. फक्त दोन सेकंद दांड्याला हात लावायचा नाही. नंतर ओढ फार होती म्हणायचं. रखवालदार साक्षीला होताच. ते इतकं सोपं होतं.

मग त्यानं दांडा खाडकन मागे ओढला आणि चाक धक्क्याकडे पूर्ण फिरवलं. लाँच उलटी खेचली गेली, तिचं पुढचं टोक हिसक्यानं खांबापासून बाहेर गेलं, बाबा उताणे पडले आणि लाँचचा मागचा भाग सगळ्या वजनानिशी धक्क्याच्या कोपऱ्यावर आदळला. फळ्या फुटल्या, काचा फुटल्या. मुलाचं कपाळ चाकावर आपटलं. इंजिन किंचाळलं आणि बंद पडलं.

रखवालदारानं आकडी टाकून लाँच ओढली, दोराचे दोन वेढे देऊन आवळली. मागून पाणी आत येऊ लागलं होतं.

बाबा उठले. त्यांनी फुटलेल्या फळ्यांकडे पाहिलं, मग मुलाकडे आले. हात वर गेला आणि असा सणसणीत आवाज झाला की रखवालदार दोर धरून जागच्या जागी थिजला.

"माझी लाँच फोडलीस, नालायका."

"अहो काका, त्यानं तुमचा हात..." रखवालदार एवढंच म्हणू शकला.

मुलगा केबिनच्या एका शिल्लक काचेपुढे उभा राहिला. कपाळातून रक्त ओघळत होतं, तिकडे त्यानं लक्ष दिलं नाही. त्यानं गाल काचेजवळ नेला आणि उठलेले वळ एकेक करून मोजले.

"पाचही शाबूत आहेत," तो रखवालदाराला म्हणाला आणि पाणी उपसायला बादली शोधू लागला.