अपुऱ्या दिवसांची

लुसुंगू अंगणात येऊन उभी राहिली, तसे कणीस सोलणारे टायटसचे हात थांबले. ती तान्ही असतानाच त्याने तिला आईसकट माहेरी धाडलं होतं. “मी जोहान्सबर्गच्या खाणीवरून येऊन सातच महिने झालेत, मग हे भरल्या दिवसांचं पोर कुणाचं?” असं पंचांना विचारून त्याने लग्नात सासऱ्याला दिलेल्या गाई परत हाकून आणल्या. त्याच गाई देऊन दुसरी बायको केली.

“भांडायला नाही आले,” लुसुंगू म्हणाली. “या तरुण वयात माझा रक्तदाब चढलाय, हृदयावर ताण आहे. अपुऱ्या दिवसांच्या मुलांना पुढे असं होऊ शकतं म्हणे. डॉक्टर विचारतात, आणि आई तर गेली. खरं सांगा, मी भरल्या दिवसांची होते?”

टायटसला ते पोर आठवलं. धड नखं नाहीत, कान ओल्या पानासारखे मऊ, रडण्याइतकाही जीव नाही.

“नव्हतीस,” तो कणसाकडे बघत म्हणाला.

“तुम्हाला हे कळलं कधी?”

त्याने हातातलं कणीस खाली ठेवलं.

“तुला पहिल्यांदा हातात घेतलं तेव्हाच.”