सासरे ओलीस

दिग्दर्शकाला अटक झाली. पण ती झालीच नाही असं समजून पुढे वाचा.

गुन्हेगारीपटाचं बजेट इतकं तुटपुंजं होतं, की ओलीस म्हणून त्याने सासऱ्यांनाच कपडे वाळत घालायच्या दोरीने खुर्चीला बांधलं. लग्न झाल्यापासून सासरे त्याच्याशी बोलत नव्हते. जे काही असेल ते लेकीमार्फत.

"त्या सिनेमावाल्याला सांग, दोरी सैल आहे."

मग भूमिकेत शिरून त्यांनी अशी काही बोंब ठोकली, की शेजाऱ्यांनी पोलीस बोलावले. फौजदार लाथेने दार उघडून आत आले. दिग्दर्शकाच्या हातात प्लास्टिकचं पिस्तूल होतं. लगेच बेड्या पडल्या.

"आजोबा, घाबरू नका. ह्याला ओळखता?"

सासऱ्यांनी नजर छताकडे वळवली. दिग्दर्शकाच्या तोंडचं पाणी पळालं.

"बाबा, नाही म्हणून तर बघा," कॅमेऱ्यामागून लेक म्हणाली.

"ओळखतो ना. जावई आहे माझा."

बेड्या निघाल्या. दिग्दर्शक वाकून सासऱ्यांच्या पाया पडला.

"अरे," बायको हळूच म्हणाली, "कॅमेरा बंद होता."

त्याने घसा खाकरला. "साहेब, तांत्रिक कारणास्तव आपण खाली जाऊन, पुन्हा लाथेने दार उघडून, बाबांना तोच प्रश्न विचारावा, ही नम्र विनंती."