वाचायला काय द्यायचं

"साडेपाच," मोहिंदर कौर म्हणाली. तिला इंग्रजी वाचता येत नसे, पण आकडे कळत. निकालाचा कागद तिने चहाच्या बशीखाली सरकवला.

रुपिंदरने मान खाली घातली. ऐकण्यात सात, बोलण्यात सात, आणि वाचनात साडेपाच. हवे होते सहा. आणि हुकण्याची ही तिसरी वेळ. जगरांवच्या आसपास लग्नं अशीच जमतात: मुलीने इंग्रजीची परीक्षा पास करायची, शिकायला कॅनडाला जायचं, आणि तिच्या मागोमाग नवरा म्हणून मुलाने. मोहिंदर कौरचा मुलगा जगतार दोन वर्षं वाट बघत होता. दिवाळीनंतरची तारीखही धरली होती. तो रुपिंदरशी फोनवर तासन्‌तास बोलायचा, आणि या वेडीला वाटायचं, तो आपल्यासाठीच बोलतोय.

"वाचायची तरी काय ही?" मोहिंदर कौरने रुपिंदरच्या आईला विचारलं.

"पुस्तकंच की, भैणजी. सदा नाक खुपसलेलं."

"कसली?"

आईला सांगता येईना. रुपिंदरच म्हणाली, "गोष्टींची, आंटीजी."

क्लासच्या सरांनी हिमनद्या, सांडपाणी असल्या विषयांचं जाडजूड पुस्तक दिलं होतं. ते उघडलं की तिला झोप यायची. गोष्टींत मात्र ती जेवणखाण विसरायची. इंग्रजी तिला खरंच आलं होतं; परीक्षेला हवं होतं तेवढं सोडून.

"गोष्टी वाचून कोण गेलंय गं कॅनडाला, पुत्तर?" मोहिंदर कौर हसली. मग तिची नजर बाजेच्या टोकाला बसलेल्या किरतवर गेली. "धाकटी यंदा बारावी झाली ना?"

"झाली, भैणजी," आई लगेच म्हणाली. "हिच्यापेक्षा हुशार आहे."

रुपिंदरच्या कानशिलात कोणी सणसणीत वाजवावी तसं झालं. तिने किरतकडे पाहिलं. किरत ओढणीचं टोक बोटाला गुंडाळत होती. 'नको' मात्र म्हणाली नाही.

"जगतारला विचारलंत?" रुपिंदरने कसंबसं विचारलं.

"त्यानेच तर सुचवलं. मनाला लावून घेऊ नकोस. तीनदा आपटलीस, तुझ्याइतका अनुभव कुणाला? बहिणीने काय वाचायचं ते तूच ठरव. जा, आण. माझ्यादेखत दे, शगुनाचं म्हणून."

रुपिंदर पुस्तकांच्या फळीपाशी गेली. त्या घरात दोघी बहिणी सोडल्या तर इंग्रजी वाचणारं कुणी नव्हतं. तिने त्यातलं सगळ्यात जाड प्रेमकथेचं पुस्तक काढलं आणि आणून मोहिंदर कौरच्या हातात ठेवलं.

"हेच वाचायचं," ती म्हणाली. "पहिल्या पानापासून शेवटपर्यंत. दुसऱ्या कशाला हात लावायचा नाही."

मोहिंदर कौरने पुस्तक कपाळाला लावलं, किरतच्या मांडीवर ठेवलं, आणि तिच्या तोंडात लाडू घातला. आईने डोळे पुसले. रुपिंदरला दिवसभरात पहिल्यांदा बरं वाटलं. बस आता दोन वर्षं वाचत, ती मनात म्हणाली.

किरतने लाडू खाऊन संपवला. पुस्तकाचं नाव वाचलं. मग ते हळूच बहिणीच्या हातात परत दिलं.

"हे तुझ्याकडेच राहू दे, दीदी. सरांचं पुस्तक आहे माझ्याकडे. बैसाखीपासून वाचतेय मी."