दुसरी फुंक

ड्रायव्हर फय्याजनं नळीत फुंकलं अन् आगारातलं मद्यतपासणीचं यंत्र किंचाळलं. बाहेर शिरपूरची बस भरून उभी होती. “मॅडम, वीस वर्सं गाडी चालवून राह्यलो, थेंबाले शिवलो नाही!” तपासणी घेणाऱ्या साधना मॅडमनी वाद घातला नाही. नियमच होता: गुळणी करा, पंधरा मिनिटं थांबा, साक्षीदारांसमोर पुन्हा फुंका; तेव्हाही वाजलं तर निलंबन. “सकाळी काय घेतलं?” त्यानं पिशवीतून बाटली काढली. “पचनाचं आसव. आताच दोन झाकणं घेतली, बायको देते.” सोबतच्या ड्रायव्हरांनी नजरा चुकवल्या. घड्याळाचा काटा हलता हलेना. दुसऱ्या फुंकीला यंत्र गप्प राहिलं, आकडा शून्य. मॅडमनी चावी पुढं सरकवली. “सुटले, फय्याजभाऊ. आसवात मद्यार्क असतोच, लेबलावर लिहिलंय.” फय्याजनं चावी घेतली नाही. बारीक अक्षरांवर त्याचं बोट थांबलं. “रमजानभर रोजा सोडल्यावर मी हेच पेत होतो.”