काचेतला खंडोबा

“एकदा बघितलेला वाडा परत कशाला बघायचा गं? त्यात काय रोज नवा राजा येतो व्हय?” गाडीतनं उतरता उतरता नानासोनं बायकोला हाणलं.

रंगुबाईनं पावसात पदर डोक्यावर घेतला. सज्जनगडाचा बेत पावसानं मोडला, तेव्हा तिनंच या वाड्याचं नाव काढलं होतं. जुन्या संस्थानिकांचा वाडा, आता आत संग्रहालय. गेल्या साली बचत गटाच्या सहलीत ती येऊन गेली होती. जन्मात कधी हट्ट न केलेली बाई आज हटून बसली, म्हणून पोरानं, राजवर्धननं, गाडी इकडं वळवली. आटपाडीकडच्या दुष्काळी मुलखातल्या माणसाला पाऊस म्हणजे दिवाळी. पण नानासो आज पावसावरसुद्धा खवळला होता.

राजवर्धन गाडी लावायला गेला आणि सून सोनिया दोघांना घेऊन आत शिरली. पाऊस चुकवायला आलेल्यांची आत ही गर्दी. तलवारींना नावं ठेवत, तसबिरींना नावं ठेवत नानासो पुढं चालला. तिसऱ्या दालनात मात्र त्याचे पाय थांबले.

काचेच्या कपाटात खंडोबाचा टाक होता. तळहाताएवढा पितळी पत्रा, त्यावर घोड्यावर बसलेला देव. घोड्याचा मागचा पाय चेपलेला. तो पाय लहानपणी नानासोनंच दगडानं ठेचला होता आणि त्यापायी बापाचा मार खाल्ला होता. हा त्याच्या घरचा देव. तीस वर्षांपूर्वी देव्हाऱ्यातनं गेलेला.

त्या साली धाकटा भाऊ नाथाजी साप चावून गेला. महिना व्हायच्या आत टाक दिसेना. आई हरणाबाई म्हणाली, सुनेनं, रंगुबाईनं, माहेरी पोचवला. संपलं. आईचा शब्द म्हणजे नानासोला काळ्या दगडावरची रेघ. घरात नवा टाक आला, पण रंगुबाईनं देव्हाऱ्याला हात लावायचा नाही, सणाचा नैवेद्य दाखवायचा नाही. पोटच्या पोराच्या लग्नात देवक बसवायलासुद्धा तिला डावलून भावकीतल्या चुलतीला बसवलं. भांडण कशावरनंही निघो, नानासो शेवटी त्या टाकावर यायचा. आणि ही बया? हिनं कधी चकार शब्द काढला नाही. मनात चोर नसता तर अशी गप बसली असती का, असं तो गावभर सांगायचा. आई गेली, तरी सांगायचा थांबला नाही.

आता तर मुद्देमालच सापडला होता. त्यानं काचेवर थाप मारली. हा आमच्या घरातनं चोरलेला देव हाय, कपाट उघडा, न्हाईतर पोलिसात जातो, म्हणून त्यानं सगळं दालन डोक्यावर घेतलं. माणसं गोळा झाली.

पहारेकरी थंड डोक्याचा होता. इथं चोरीचं काही नाही, वस्तू कुणी दिली त्याचं नाव खाली पाटीवर असतं, वाचून घ्या, एवढंच तो म्हणाला.

नानासोला जोर चढला. रंगुबाईचा दंड धरून त्यानं तिला काचेपुढं ओढलं. “सोनिया, वाच गं. मोठ्यानं वाच. हिच्या भावाचं नाव ऐकू दे समद्यास्नी.”

सोनिया वाकली. आधी तिनं मनातच वाचलं, सासूकडं बघितलं, आणि मग मोठ्यानं वाचलं. “खंडोबाचा टाक, पितळ. भेट, हरणाबाई मायाप्पा खरात.”

नानासोनं परत वाचायला लावलं. परत तेच नाव आलं. नाथाजीच्या दहाव्याला आई देव्हाऱ्यापुढं उभी राहून काय बोलली होती, ते त्याला आत्ता आठवलं. माझं लेकरू तुला राखता आलं न्हाई, मी तुला कशाला राखू? दुःखात माणूस काहीबाही बोलतं, म्हणून तेव्हा त्यानं ते कानाआड केलं होतं.

बघ्यांनी नजरा फिरवल्या, एकेक करून पुढच्या दालनात गेले. नानासोच्या हातातला दंड सुटला, पण राग काही सुटेना. आईवर काढावा तर ती उरली नव्हती. मग तो फिरून बायकोवरच उखडला.

“तुला ठाऊक हुतं न्हवं? मग तवा तोंड का उघडलं न्हाईस? तीस वर्सं गप का बसलीस?”

रंगुबाईनं दुखरा दंड चोळला आणि पहिल्यांदाच त्याच्या डोळ्याला डोळा दिला.

“बोलले हुते की. आत्याबाईंनीच देव दिऊन टाकला म्हणलं, तवाच तर तुमी पयल्यांदा हात उचलला माज्यावर.”