कायपेलाची दोन गाणी

दुपारी तीन वाजून दहा मिनिटांनी परीक्षक नेस्टा पार्डो मंचावर आल्या आणि म्हणाल्या, "खुर्चीसाठी गाणी आली पाच. नावं मात्र चारच आहेत."

कुम हेली गावच्या चॅपेलमागचं दालन हसलं. चहाच्या भांड्याशी उभ्या असलेल्या बायकाही हसल्या. सहाव्या रांगेतली मारेद हसली नाही. पाचांतलं एक गाणं तिचं होतं.

गावच्या आयस्टेदवोदात, म्हणजे गाण्याकवितांच्या वार्षिक स्पर्धेत, गाण्यावर स्वतःचं नाव घालत नाहीत. टोपणनाव घालतात, खरं नाव बंद पाकिटात. निकालाचा कर्णा वाजला की जिंकलेल्या टोपणनावाच्या माणसाने उठून उभं राहायचं आणि बक्षिसाची ओकची खुर्ची घरी न्यायची. ज्या गावात कोणाच्या घरी आज कोणती भाजी आहे तेही लपत नाही, तिथे वर्षातून एवढं एकच गुपित पाळलं जातं. मारेदला तेच हवं होतं. एरवी ती 'ग्वीलिमची पोर' होती. ग्वीलिम प्रॉदेरो बावीस वर्षं चॅपेलातलं गाणं सांभाळत होता आणि त्याच्या मते त्याची पोर गात नव्हती, रजईत तोंड घालून बोलत होती.

दोन हिवाळे ती गिटार घेऊन अॅबरिस्टविथच्या पबांमधून गायली. तीन गाणी इंटरनेटवर टाकली. ती दोनशे बारा वेळा ऐकली गेली, त्यांतल्या निदान साठ वेळा आईने. आता काउन्सिलच्या कचेरीत अनुवादकाची कायमची नोकरी चालून आली होती. उत्तर सोमवारी बारापर्यंत द्यायचं होतं. ग्वीलिमने तिच्या मुलाखतीसाठी तिचे बूटसुद्धा पुसून ठेवले होते. मारेदने मनाशी ठरवलं होतं, खुर्ची मिळाली तर कार्डिफला जायचं आणि गाणंच करायचं. नाही मिळाली तर काउन्सिल. हे तिने कोणाला सांगितलं नव्हतं.

आणि खुर्ची हवी म्हणून तिने या खेपेला आपलं नेहमीचं गाणं पाठवलंच नाही. चॅपेलला शोभेल असं चार आवाजांचं, भरदार गाणं लिहिलं. टोपणनाव घेतलं कायपेला. घरामागच्या टेकडीवरच्या शेवटच्या शेताचं हे नाव. ते नकाशात नाही. घरच्या तिघांशिवाय कोणाला ठाऊकही नाही.

"कायपेलाने दोन गाणी पाठवली आहेत," नेस्टाबाई म्हणाल्या.

मारेदने मान वर केली. तिने एकच पाठवलं होतं.

"दोन-दोन!" शेजारची बेकरीवाली ओल्वेन कुजबुजली. "हावरट मेला."

"पहिलं चार आवाजांचं. इस्त्रीच्या शर्टासारखं, कुठे सुरकुती म्हणून नाही. मी ते तीनदा वाचलं आणि तिन्ही वेळा विसरले." हशा. मारेदची कानशिलं तापली. "दुसऱ्यात तीनच कॉर्ड आहेत. गाणारा आवाज चढवतच नाही, आपल्या शेजारी बसून बोलतो. येताना गाडीत मी ते इतक्या वेळा गुणगुणले की वळण चुकले. खुर्ची त्या गाण्याची. कायपेला, उभे राहा."

कर्णा वाजला. काहीतरी चुकलंय हे सांगायला मारेद उठली.

लोकांनी टाळ्या सुरू केल्या आणि मध्येच थांबवल्या, कारण मागे, गायनवृंदातल्या तार आवाजवाल्यांच्या रांगेत, ग्वीलिमही उठून उभा होता.

सचिव इदवाल, ज्याला टपाल वाटून निवृत्त झाल्यावरही गाव इदवाल पोस्टच म्हणे, त्याने दोन्ही पाकिटं फोडली. "ग्वीलिम प्रॉदेरो," त्याने वाचलं. "आणि मारेद प्रॉदेरो. पत्ता एकच."

"तुमच्या कुत्र्याने काही पाठवलं नाही का रे?" मागून कोणी ओरडलं.

नेस्टाबाईंनी हसू आवरलं. "तीन कॉर्डचं कोणाचं?"

ग्वीलिमने शाळेतल्या पोरासारखा हात वर केला.

परतताना खुर्ची व्हॅनमध्ये मागे आडवी पडली होती आणि प्रत्येक वळणावर दाराला धडकत होती.

"बाबा, हे तुम्ही शिकलात कुठे?"

"तुझ्या-माझ्या खोल्यांमधली भिंत किती जाड आहे? दोन वर्षं झोप लागत नाहीये मला." त्याने गिअर बदलला. "म्हटलं, ही करते तरी काय ते करून बघावं. वाटलं होतं, बसल्याबसल्या होईल. चार महिने लागले."

मारेदने हात मागे नेऊन धडकणारी खुर्ची धरून ठेवली.

"आणि ते चार आवाजांचं तू केलंस होय?" ग्वीलिम म्हणाला. "चांगलं होतं."

"खोटं बोलू नका."

"बरं. नव्हतं," तो म्हणाला. "माझ्यासारखंच होतं."

मग मारेदने त्याला मनाशी ठरवलेलं सगळं सांगितलं. खुर्ची, कार्डिफ, काउन्सिल. ग्वीलिमने व्हॅन कुंपणाला लावून उभी केली आणि ऐकून घेतलं. "म्हणजे खुर्ची घरी आली, पण तुला मिळाली नाही," तो म्हणाला. "आता यात काय धरायचं?"

"तेच मला कळत नाहीये."

सोमवारी सकाळी दहा वाजता काउन्सिलच्या कचेरीत फोन वाजला. प्रॉदेरोंच्या घरून होता. मारेदचा नव्हता. ग्वीलिमला विचारायचं होतं, मुलीच्या उत्तराची मुदत शुक्रवारपर्यंत वाढवून मिळेल का. विचारून सांगतो, असं कचेरीने म्हटलं. सव्वाअकरापर्यंत काही कळवलेलं नाही, आणि बाराची मुदत अजून तशीच आहे.