फाटकाशी, चार वाजता

चार वाजले की टेकडीवरच्या वसाहतीतल्या बायका फाटकाशी येऊन उभ्या राहत. शर्वरीताईंच्या हातात मीठ-तिखट लावलेल्या पेरूच्या फोडींचा डबा असे.

नूतन इथं नुकतीच राहायला आली होती. घर दाखवतानाच दलालानं तिला सगळं सांगितलं होतं. मागे शाळेची बस दरीत कोसळली. आयांचे हाल बघवेनात, म्हणून डॉक्टरांनी त्यांना दुःखावरची नवी लस टोचली. दुःख गेलं, पण त्याच्याबरोबर मुलंही आठवणीतून पुसली गेली. "तेवढा विषय काढू नका," दलाल म्हणाला होता.

तरी आज तिला राहवलं नाही. "ताई, रोज कुणाची वाट बघता?"

"वाट कसली गं? इथं वारा बरा लागतो."

"आणि हा डबा?"

"करावासा वाटतो. मला तर पेरू आवडतही नाही."

तेवढ्यात रिक्षा थांबली आणि नूतनची ओवी उतरली. सगळ्या बायका एकदम पुढे सरकल्या. एकीनं दप्तर घेतलं, एकीनं पाण्याची बाटली, एकीनं कानशिलांवर बोटं मोडली. शर्वरीताईंनी तिच्या तोंडात फोड घातली. त्यांचे डोळे घळाघळा वाहत होते आणि त्यांना ते कळतही नव्हतं.

"किती उशीर केलास," त्या म्हणाल्या.

"ओवी, चल घरी," नूतननं हाक मारली.

बायकांनी वळून तिच्याकडे पाहिलं. शर्वरीताईंनी ओवीला पाठीशी घातलं.

"कोण हो तुम्ही?"